स्वराखालचं शिसं

हरीभाऊ गेले त्या सकाळी द्वारकाबाईंनी आधी गॅस बंद केला, मग उतू गेलेलं दूध पुसलं आणि मग शेजारच्या सुनीलला हाक मारली. दिवसभर माणसं येत राहिली. बाई त्यांना बसायला जागा करून देत होत्या, आणि शेजारणीनं आणलेल्या चहातला बिनसाखरेचा कप कुणाच्या हातात द्यायचा हेही त्यांच्या लक्षात होतं. ‘फार खंबीर हो बाई,’ असं म्हणत लोक कर्जतमधल्या भिसेगावच्या गल्लीतून आपापल्या घरी गेले.

खंबीर कसल्या! फार वेळ मांडी घालून बसलं की पाय आपला राहत नाही, चिमटा काढला तरी दुसऱ्याच कुणाचा तरी वाटतो. तसं त्यांचं सगळंच झालं होतं. फरक एवढाच की पायाला जरा वेळानं मुंग्या येतात आणि तो परत आपला होतो. बाईंना वर्ष होत आलं तरी मुंग्या आल्या नव्हत्या. त्या रडल्या नव्हत्या, चिडल्या नव्हत्या, आणि खरं सांगायचं तर त्यांना दुःखही झालं नव्हतं. म्हणजे झालं असणार, पण ते कुठल्या तरी बंद खोलीत होतं आणि किल्ली त्यांच्याकडे नव्हती.

टिकली त्यांनी सोडली तीही काही रीत म्हणून नाही. आरशासमोर उभं राहून ती लावावी असं वाटलंच नाही, इतकंच. आरशाच्या कडेला जुन्या दोन टिकल्या चिकटलेल्या होत्या, त्या तशाच राहिल्या.

अशा माणसाला एक शब्द फार सोयीचा पडतो. ‘चालेल.’ दूधवाला बदलायचा? चालेल. आळीच्या उत्सवाच्या वर्गणीला तुमचं नाव पुढे करू का? चालेल. सुनीलनं एकदा दारात उभं राहून चाचरत विचारलं, “काकू, काकांचे गळ नुसतेच पडलेत ना? मी नेऊ का?” बाई म्हणाल्या, “चालेल.” तो बांबूच्या काठ्या, तंगुसाच्या नायलॉन दोऱ्याची रिळं, गळांची डबी, सगळं उचलून घेऊन गेला. संध्याकाळी पडवीतला तो कोपरा मोकळा दिसला तेव्हा बाईंनी तिथं चपलांचा स्टँड सरकवला. बरोबर बसला.

मुलगा अनुपम पुण्याला होता. चांगला मुलगा, आईची काळजी करणारा. दिवाळीत आला तेव्हा म्हणाला, “आई, वर्षश्राद्ध झालं की तू माझ्याकडेच चल. इथं एकटी काय करणार? घर देऊन टाकू. माझ्या ओळखीचा एकजण घ्यायला तयार आहे.” बाई भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, “चालेल.” अनुपमला वाटलं, आईला आवडलं. बाईंना काहीच वाटलं नाही. ज्या घरात त्यांनी कर्जतच्या दोन पिढ्यांना सा लावायला शिकवला, ते घर एका शब्दात गेलं आणि हातातली मेथीची जुडी निवडायची राहिली नाही.

आता घेणारा माणूस सोमवारी घर बघायला यायचा होता. त्यानं एकदा बघितलं आणि बाईंनी पुन्हा तोच शब्द उच्चारला, की संपलं. हे बाईंना नीट ठाऊक होतं. त्याचं काही वाटायला हवं, हेही ठाऊक होतं.

* * *

त्यांचा गाण्याचा वर्ग घरातल्याच पुढच्या खोलीत भरायचा. शाळेतली नोकरी होती तेव्हाही दुपारनंतर वर्ग असायचाच. फळ्यावर बाई नोटेशन लिहीत. मधल्या सप्तकातला स्वर नुसता, खालच्या सप्तकातला असेल तर त्याच्या पायाशी टिंब, वरच्यातला असेल तर डोक्यावर टिंब. सगळीकडे असंच लिहितात, त्यात बाईंचं काही नव्हतं. पण लहान मुलांच्या डोक्यात ते उतरत नसे.

श्रिया नावाची एक मुलगी एकदा भोकाड पसरून बसली. तोच ध, तेच अक्षर, मग एकदा इथे वाजवायचा आणि एकदा पार तिकडे डावीकडे, असं का? बाईंनी चार वेळा सांगितलं, पाचव्यांदा आवाज चढला. हरीभाऊ उंबऱ्यात बसून गळ बांधत होते. खालापूरच्या कचेरीतली नोकरी ते इमानानं करत, पण जीव त्यांचा गळावर. तंगुसावर शिशाचा मणी बसवून तो दातांनी चेपत त्यांनी मान वर केली.

“ए श्रिया, इकडे ये. हा गळ असाच पाण्यात टाकला तर कुठे राहील?”

“वरच.”

“आणि हे शिसं बांधून टाकला तर?”

“बुडेल.”

“बुडेल म्हणजे तळाला जाऊन बसेल. तिथं मोठे मासे असतात. आता बघ, बाईंना तो ध तळातला हवाय. म्हणून त्यांनी त्याच्या खाली शिसं बांधलंय.”

“आणि वर टिंब असलं तर?”

“तो बोया. तरंगतो.”

श्रियाचं रडं थांबलं, आणि वर्गात तो शब्द घर करून राहिला. “बाई, ह्या नि ला शिसं आहे?” “तू शिसं विसरलास रे!” पोरं बिनदिक्कत असं बोलायला लागली. एकदा परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. त्यांनी विचारलं, हा पंचम कुठला? आमच्या एका विद्वानानं सांगितलं, “शिशाचा.” परीक्षक बाईंकडे बघत राहिले. त्या संध्याकाळी बाईंनी हरीभाऊंची खरडपट्टी काढली आणि दुसऱ्या दिवशी वर्गात स्वतःच म्हणाल्या, “चला, शिशातल्या ध पासून.”

गंमत अशी की हरीभाऊंना गाणं म्हणून येत नव्हतं. आरतीत ते आपले जोरात गायचे आणि बाई मुद्दाम दोन माणसं सोडून उभ्या राहायच्या. इतका बेसूर माणूस गाण्याच्या बाईच्या पदरात पडावा, यावर आळीत पुष्कळ विनोद झाले होते.

मग एकदा बाई खालापूरला एका लग्नाला गेल्या होत्या. परतताना नवऱ्याला सोबत घेऊन जावं म्हणून नदीवर उतरल्या. हरीभाऊ आणि त्यांचा दोस्त गोमा पाण्याकडे तोंड करून बसले होते. गोमा नदीकाठच्या गावातला भातशेतकरी, गावच्या भजनी मंडळाचा बुवा; त्या वेळी तो बसल्या बसल्या पेंगत होता. हरीभाऊंनी बोया लावलेला नव्हता. कधीच लावत नसत. बोया बघून मासा धरणं म्हणजे मागची उत्तरं बघून गणित सोडवणं, असं त्यांचं मत. शिसं तळाला टेकवायचं, तंगूस बोटावरून घ्यायचा आणि बोटानं ऐकत बसायचं. तसं ते बसले होते आणि गुणगुणत होते.

बाईंनी हाक मारली नाही. कारण तो आवाज खाली, पार खालच्या पंचमापर्यंत जात होता आणि तिथं केसभरही हलत नव्हता. सा पासून एकेक पायरी उतरायची, पंचमावर बसून राहायचं, आणि मग तसंच सावकाश वर येऊन रे ला टेकून सा वर थांबायचं. दोन ओळींची चाल, शब्द एकही नाही. हा माणूस वरच्या पाण्यात बुडतो आणि तळाला सुरात चालतो, हे त्यांना लग्नानंतर इतक्या वर्षांनी कळलं.

घरी येऊन त्यांनी कॅलेंडरच्या जुन्या पानामागे ती चाल लिहिली आणि हरीभाऊंना दाखवली. त्यांनी पान डोळ्यांजवळ धरलं. “हे सगळं मी म्हणतो? अहो, ह्यात तर जवळजवळ सगळ्यांनाच शिसं आहे!” बाई म्हणाल्या, “निदान खाली तरी सुरात आहात.” खरं तर त्यांना म्हणायचं होतं की फार छान आहे. पण नवऱ्याला असं तोंडावर कुठे म्हणतात? ते पान मग पेटीच्या खोक्यात पडून राहिलं. त्यावर कधी हळदीचं बोट लागलं, कधी तेलाचं.

* * *

भातं झोडून झाल्यावर गोमा भिसेगावात आला. पिशवीत नवे तांदूळ होते. पिशवी खाली ठेवून तो खुर्चीच्या अगदी कडेवर बसला.

“बाई, हरीभाऊंचं वरीस आलं. आमच्या मंडळाच्या मनात हाय, आपल्या मारुतीच्या देवळात त्या दिवशी भजन करावं. आन् एक अभंग त्यांच्या चालीवर म्हनावा. ते नदीवर म्हनायचे ना, ती चाल.”

“चालेल,” बाई म्हणाल्या.

“पन मला ती नीट येत नाय. इतकी वर्सं बाजूला बसलो, पन मी आपला झोपाळू. आमचा रूपेश पेटी वाजवतो, त्याला लिवलेलं वाचता येतं. तुमी लिवलंय आसं हरीभाऊ बोल्ले व्हते.”

बाईंनी खोकं उघडून पान काढलं आणि दिलं. त्याच्याकडे बघितलंही नाही. पेटीवर धूळ होती, ती तेवढी झाकण लावताना हाताला लागली. वर्षभर त्यांनी भाता उघडला नव्हता. वर्गही बंदच होता. पोरांच्या आयांना त्यांनी सांगितलं होतं की पुढच्या महिन्यात बघू, आणि पुढचा महिना काही येत नव्हता.

“आदल्या रविवारी जरा कान देऊन जाल का?” गोमानं दारातून विचारलं. “रूपेश गाडी घेऊन येल. आमचं कुठं चुकत आसंल तर…”

“चालेल.”

* * *

रविवारी दुपारी रूपेश आला. गोमाचा पुतण्या, तिशीचा, खोपोलीकडे कारखान्यात पाळीवर जाणारा. बोलका माणूस. पळसदरी सोडल्यापासून खोपोली येईपर्यंत तो मंडळाबद्दल बोलत होता. रोज संध्याकाळी बसतो बाई, पंधरवडा झाला, काका तर औषधाच्या गोळ्या चघळून म्हनतात. चाल लय अवघड हाय, पन सोडनार नाय. बाई ‘हं’ म्हणत खिडकीबाहेर बघत होत्या. कापलेल्या शेतात वालाची रोपं वर आली होती. खालापूरच्या रस्त्याला हरीभाऊंची कचेरी गेली, ते चहा प्यायचे तो ठेला गेला. बाईंनी दोन्ही पाहिलं. काही झालं नाही.

वाटेत अनुपमचा मेसेज आला होता. ‘उद्या अकरापर्यंत पोचतो त्यांना घेऊन. चालेल ना?’ बाईंनी उत्तर लिहायला घेतलं, च टाईप केला, तेवढ्यात देऊळ आलं म्हणून फोन पिशवीत ठेवला.

मारुतीच्या सभामंडपात सतरंजी अंथरली होती. मंडळाची दहाबारा माणसं अंघोळी करून, केसांना तेल लावून बसली होती. एका बाजूला बायका. त्यांत गोमाची बायको अंबूबाई आणि रूपेशची बायको विनिता. अंबूबाईनं द्वारकाबाईंचा हात हातात घेतला आणि नुसतंच डोळ्याला पाणी आणलं. बाईंना तिची दया आली. आपल्या वाटचं ही रडतेय, असं त्यांच्या मनात आलं, तेही दुरूनच.

रूपेशनं पेटीवर एक गुळगुळीत चकचकीत कागद उभा केला आणि भाता हलवला. पखवाज लागला, टाळकरी उभे राहिले. गोमानं डोळे मिटून, कानाला हात लावून सुरुवात केली.

पहिला सा बरा लागला. आणि दुसरा स्वर टणकन वर उडाला. सा च्या खालच्या पायरीवर यायचा तो नि वरच्या मजल्यावर जाऊन ओरडला, त्याच्या मागून ध, प असे वरच्या वर उतरले, परत चढले आणि तिथून एकदम धपकन सा वर पडले. गोमाच्या गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. टाळकरी माना वर करून, टाचा उचलून त्याच्यामागे धावत होते. एकाचा तर आवाजच फाटला आणि तो खोकत खाली बसला. पण कुणी थांबलं नाही. पंधरवडाभराच्या मेहनतीनं त्यांनी ती भयंकर चाल घोटून घोटून पक्की केली होती.

द्वारकाबाई ऐकत होत्या. आधी कानात काहीतरी टोचलं. मग मानेवरून गरम गरम वर चढायला लागलं. हे काय होतंय ते त्यांना लवकर ओळखू येईना, इतके दिवस ते आलं नव्हतं. दुसऱ्या फेरीला गोमानं नि पुन्हा वर फेकला आणि बाईंचा तळहात सतरंजीवर सणकून आपटला.

“थांबा!”

टाळ थांबले. पखवाजवाल्याला थांबायला जरा उशीर लागला.

“हे काय चाललंय? हे नाही चालणार! अजिबात नाही चालणार! हे काय गाणं आहे? शेळी उड्या मारतेय कुंपणावरून!”

हा तो आवाज होता, ज्याला कर्जतमधले आता पोटं सुटलेले बापे अजून दबकून असतात. बाईंनाच तो ऐकून दचकायला झालं. पण थांबता येईना, आणि थांबावंसंही वाटेना.

“ह्यांनी असं म्हटलं असतं का कधी? गोमाभाऊ, तुम्ही तर बाजूला बसत होतात! तुम्हाला कळू नये?”

गोमानं घसा खाकरला. तो पार बसला होता. “कळत व्हतं, बाई. पयल्या दिवसापासून वाटत व्हतं, हरीभाऊ आसं नाय म्हनायचे, त्यांचं आपलं खाली खाली आसायचं. पन म्हनलं, बाईंनी लिवलंय. लिवलेलं कसं चुकंल? मीच झोपेत कायतरी दुसरं आइकलं आसंल. मंग ताणला गळा.”

“मी असं लिहिलंय? आणा तो कागद इकडे.”

रूपेशनं कागद दिला. प्लॅस्टिकमध्ये घालून कडक केलेला, पांढराशुभ्र, अक्षर बाईंचंच. ना हळद, ना तेल. आणि एकाही स्वराच्या पायाशी काही नव्हतं. सगळे नि, सगळे ध, सगळे प उघडेबोडके उभे होते.

“शिसं कुठे गेलं?” बाई ओरडल्या.

रूपेश बावरला. “शिसं? कसलं शिसं, बाई?”

“खालची टिंबं! प्रत्येकाच्या खाली टिंब होतं!”

“डाग व्हते बाई कागदावर. पिवळे, तेलकट. म्हनलं, हरीभाऊंच्या चालीचा कागद, आसा मळका कसा ठेवायचा? मोबाईलमदी फोटो घेतला आन् डाग साफ करायचं बटन दाबलं. येकदम नव्यासारका झाला.” त्याचा आवाज बारीक होत गेला. “ते बी डागच वाटले आसतील त्याला. मला पन बारीक बारीक घाणच वाटली. आसल कागद घरी कपाटात हाय, जपून ठेवलाय.”

मग गोमा हसला. आधी नुसते खांदे हलले, मग तो बसक्या आवाजात खो खो हसायला लागला. “आरं रूपेश, येड्या! हरीभाऊ काय सांगायचे मला? आमची बाई स्वराला शिसं बांधते म्हनून. तू तं सगळं शिसंच कापून टाकलंस! आता गळ वर नाय नाचनार तं काय व्हनार? पंधरा दिवस आमी वरच्या वर नाचतोय!”

टाळकरी हसले, बायका तोंडाला पदर लावून हसल्या. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांना राग आला होता आणि तो त्यांना हवा होता. त्यांनी पिशवीतून पेन काढलं आणि पहिल्या नि खाली टिंब द्यायला गेल्या. पेन प्लॅस्टिकवरून सरकलं. पुन्हा दाबलं, पुन्हा सरकलं.

“मार्कर हाय का रं कुनाकडं?” गोमानं विचारलं. कुणाकडे नव्हता. रूपेश म्हणाला, घरी जाऊन आसल कागद आनतो. पण बाईंना आत्ता हवं होतं, या क्षणी. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांना काहीतरी हवं होतं.

विनितानं पर्स उघडली. “बाई, माझ्याकडं टिकल्या हायत. बारीकवाल्या. त्या चिकटतील यावर.”

अंबूबाईनं पुतणसुनेला कोपरानं ढोसलं, “गप गं.” विनिताच्या लक्षात आलं तशी तिनं जीभ चावली आणि पाकीट मुठीत लपवलं. बाईंच्या कपाळाकडे कुणी बघत नव्हतं, म्हणजे सगळेच बघत होते.

द्वारकाबाईंनी हात पुढे केला. “आण.”

मोहरीएवढ्या काळ्या टिकल्या होत्या. बाईंनी चष्मा वर सारला आणि नखानं एकेक सोडवून लावायला सुरुवात केली. नि खाली. ध खाली. प खाली. विनिता सरकत सरकत शेजारी येऊन बसली आणि टिकल्या काढून काढून त्यांच्या बोटावर देऊ लागली. रे ला नाही, सा ला नाही, ते मधले. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. प्रत्येक टिकली बसली की बाई तिच्यावर अंगठा दाबत होत्या, आणि हरीभाऊ उंबऱ्यात बसून शिसं दातांनी चेपायचे ते त्यांना दिसत होतं. सुनीलनं नेलेली डबीही दिसली, आणि पहिल्यांदाच वाटलं की ती द्यायला नको होती. ती परत मागायला हवी. काय वाटेल ते वाटू दे त्याला, मागायला हवी.

“हं,” त्यांनी कागद परत पेटीवर उभा केला. “रूपेश, आता डावीकडे जायचं. टिकली दिसली की डावीकडे. गोमाभाऊ, ताणायचं नाही. तळाला टेकेपर्यंत सोडून द्यायचं.”

रूपेशनं डावीकडच्या पट्ट्या दाबल्या. पेटी खालून घुमली. गोमाचा घसा बसला होता तेच बरं झालं. त्याचा आवाज सा वरून एकेक पायरी उतरला आणि पंचमावर जाऊन राहिला. टाळकऱ्यांनी माना खाली घातल्या. टाळ हळू झाले. अभंगाचे शब्द होते, पण बाईंना ते ऐकूच आले नाहीत. त्यांना पाण्याकडे तोंड करून बसलेली पाठ दिसली, शर्ट खांद्यावर जरा विटलेला. तंगूस धरलेलं बोट दिसलं. आणि आपण मागे उभ्या आहोत, आणि हाक मारत नाही आहोत.

मुंग्या आल्या. पायाला येतात तशाच. सहन होत नाही आणि थांबवताही येत नाही. छातीतून, घशातून, हातांतून. बाई रडायला लागल्या. शहरातल्या शिकल्या बायका रडतात तसं रुमाल लावून नाही, मोठ्यानं, तोंड उघडं टाकून, नाक वाहू देत. “किती छान म्हणायचे हो,” असं काहीतरी त्या म्हणत होत्या, “किती छान म्हणायचे, आणि मी सांगितलं नाही.” गोमा थांबू लागला तशी त्यांनी हातानंच खूण केली, थांबू नका, म्हणत राहा. अंबूबाईनं त्यांना जवळ ओढलं आणि त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर दाबून धरलं. चाल दोनदा, तीनदा फिरून आली. बाईंना दुखत होतं, फार दुखत होतं, आणि ते दुखणं त्यांचं स्वतःचं होतं.

शेवटी त्या उठून नीट बसल्या. पदरानं तोंड पुसलं, विस्कटलेले केस मागे सारले. करंगळीच्या नखावर एक टिकली उरली होती. हात आपल्या जुन्या सवयीनं वर गेला आणि ती कपाळावर लागली. बाईंच्या ते लक्षातही आलं नाही. अंबूबाईच्या आलं. ती मारुतीकडे बघत राहिली.

पिशवीत फोन वाजायला लागला. अनुपम. व्हिडिओ.

“आई, अगं मेसेजला उत्तर नाही, फोन उचलत नाहीस. आहेस कुठे?” मग त्याचा चेहरा पडद्याजवळ आला. “रडतेयस तू?”

“हो.”

“काय झालं?”

“तुझे बाबा गेले रे,” बाई म्हणाल्या.

मागे रूपेश हळू हळू तीच ओळ वाजवत होता. अनुपमनं कान दिला. उंबऱ्यात बापाच्या मांडीवर बसून वर्ग ऐकलेला मुलगा तो. त्याचेही डोळे भरले.

“आई, टिकली लावलीयस,” तो जरा वेळानं म्हणाला. “खाली लागलीय पण. वर घे थोडी.”

बाईंनी बोटानं चाचपून पाहिलं. दोन भुवयांच्याही खाली, नाकाच्या सुरुवातीला लागली होती.

“राहू दे खालीच.”

“बरं.” त्यानं डोळे पुसले. “मग उद्याचं काय करू? त्या माणसाला घेऊन येतोय मी. चालेल ना?”

“नाही चालणार,” द्वारकाबाई म्हणाल्या. “तू एकटा ये. आणि येताना सुनीलकडून बाबांचे गळ घेऊन ये, मी मागितलेत म्हणून सांग.”

त्यांनी फोन ठेवला आणि पेटीकडे वळल्या.

“रूपेश, दुसऱ्या ओळीतला ध घाईनं सोडतोयस. टेकू दे त्याला. परत घे.”